आज जमलेलं परवा उरतं का?

बडोद्यात संध्याकाळी मुलांना खो-खो शिकवताना मैदानाच्या कडेला बसलेले पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, सरावात तर हिला सगळं येतं, मग सामन्यात काय होतं?" याचं नेहमीचं उत्तर म्हणजे मूल घाबरतं, किंवा त्याचं लक्ष नसतं. कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा कारण सरावाच्या आखणीत सापडतं, आणि आखणी मुलांच्या हातात नसते. ती आम्हा शिकवणाऱ्यांच्या हातात असते.

यामागे एक साधी गोष्ट आहे. मैदानावर आपल्याला दिसतं ते मुलाचं त्या क्षणाचं करणं. शिकणं डोळ्यांना दिसत नाही. दोन दिवसांनी, कोणी आठवण करून न देता, वेगळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर जे उरतं, त्यावरून शिकण्याचा अंदाज बांधावा लागतो. या दोन गोष्टी अनेकदा एकमेकींच्या उलट जातात. ज्या सरावात मूल झपाट्याने सुधारताना दिसतं, त्यातलं कमी टिकतं. ज्या सरावात ते अडखळतं, त्यातलं जास्त टिकतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

1979 मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन समोरचे छोटे लाकडी अडसर ठरलेल्या क्रमाने पटापट पाडायचे, असं काम होतं. असे तीन वेगवेगळे क्रम शिकायचे होते. एका गटाने पहिला क्रम पुरता घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना पहिला गट स्पष्टपणे वेगवान होता. पण 10 मिनिटांनी आणि पुन्हा 10 दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांना जास्त येत होतं.

ही प्रयोगशाळेतली गोष्ट झाली. 1994 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या बेसबॉल संघावर असाच प्रयोग झाला. नेहमीच्या सरावाच्या जोडीला आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे जादा फलंदाजी द्यायची होती. प्रत्येक वेळी 45 चेंडू, त्यांत वेगवान, वळणारे आणि फसवे संथ असे तीन प्रकार, प्रत्येकी 15. एका गटाला एका प्रकारचे 15 संपले की दुसऱ्या प्रकारचे 15 मिळायचे. दुसऱ्या गटाला तेच 45 चेंडू कसेही मिसळून मिळायचे, पुढचा कोणता हे न सांगता. शेवटच्या चाचणीत पहिला गट 25 टक्क्यांनी सुधारला होता, मिसळून खेळणारा 57 टक्क्यांनी. जादा सराव न मिळालेल्यांची सुधारणा 6 टक्के होती. चेंडू तेच, वेळ तोच, फरक फक्त क्रमाचा.

असं का होत असावं? एकच फटका सलग पंधरा वेळा मारताना पहिल्या दोन-तीन वेळांनंतर डोक्याला काम उरत नाही. उत्तर आधीच हातात असतं, शरीर तेच पुन्हा करतं. चेंडू बदलत राहिला की दर वेळी आधी ओळखावं लागतं, मग निवडावं लागतं, मग करावं लागतं, आणि मधल्या काळात विसरू लागलेलं पुन्हा वर काढावं लागतं. हे वर काढणं हाच खरा व्यायाम. शिवाय सामन्यातही नेमकं हेच करायचं असतं. 1947 साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात इथे बडोद्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या 288 होत्या, गुल महंमद यांच्या 319. इतक्या धावा करताना त्या दोघांना किती वेळा ओळखा-निवडा-करा ही साखळी नव्याने पार पाडावी लागली असेल याचा विचार करून बघा. आपल्या नेटमध्ये मात्र अर्धा तास एकाच टप्प्यावर चेंडू फेकले जातात आणि मुलाचा कव्हर ड्राइव्ह सुंदर दिसू लागतो. पालक फोनवर व्हिडिओ काढतात. सगळे खूश होतात.

खो-खोत आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो. ओळीत उभं राहा, वीस वेळा खांबाला वळसा. मग वीस सूर. मग वीस खो. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी सफाईदार होते. पण सामन्यात वळसा, सूर आणि खो यांच्या पाट्या लावलेल्या नसतात. आक्रमकाला धावता धावता ठरवावं लागतं की खांबापर्यंत जाऊन वळायचं, की इथेच खो देऊन पलीकडच्या गड्याला उठवायचं, की समोरचा संरक्षक हाताच्या टप्प्यात आहे म्हणून सूर मारायचा. गडी बसतात ती मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही, त्यामुळे निर्णय चुकला तर तो दुरुस्त करायची सोय जवळजवळ नसतेच. ज्या खेळाचे नियम 1924 मध्ये आपल्याच बडोद्याच्या जिमखान्याने छापले, तो मुळात निर्णयांचा खेळ आहे. त्याचा सराव निर्णय वगळून करण्यात फार अर्थ नाही.

म्हणून छोटे खेळ जास्त उपयोगाचे. चार जण बसलेले, एक आक्रमक, दोन संरक्षक, अर्धं मैदान. दीड मिनिटाचा डाव. त्यात वळसा, सूर, खो सगळं येतं, पण कधी येईल ते कोणी सांगत नाही. हवं असेल तर नियमाला थोडा पीळ द्यायचा: आज सूर मारून बाद केलं तर दोन गुण. मुलं आपोआप सूर मारायच्या जागा शोधू लागतात.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. सरमिसळीचा हा फायदा प्रयोगशाळेत जितका ठळक दिसतो तितका प्रत्यक्ष मैदानावरच्या अभ्यासांत नेहमी दिसत नाही, आणि लहान मुलांत तो कमी असतो. ज्याला सूर म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही, त्याला तीन गोष्टी एकदम देऊन गोंधळात टाकू नये. आधी हालचालीचा ढोबळ आकार येऊ द्यावा. त्याला काही दिवस सलग, शांत, एकच गोष्ट करू द्यावी. आकार आला की मिसळायला लागावं, आणि सफाईची वाट बघत बसू नये. सफाई मिसळण्यातूनच येते.

खेळाच्या जातीवरही हे अवलंबून आहे. मल्लखांबात समोरचा खांब हुलकावणी देत नाही. तिथे उडी, अढी, आसनं यांचा क्रम खेळाडू स्वतः ठरवून आलेला असतो, त्यामुळे तेच ते घोटण्याला मोठी किंमत आहे. उंचावरून पडण्याचा धोका असल्याने पायरी सोडून पुढे जाणं तर चुकीचंच. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन यांत प्रतिस्पर्धी तुमच्यासाठी प्रश्न तयार करत असतो. तिथे घोटण्याची मर्यादा लवकर येते. एकाच शिक्षकाने दोन्ही खेळ शिकवताना दोन्हीकडे एकच पद्धत लावली तर एकीकडे नुकसान ठरलेलं.

लहान मुलांसाठी मला जास्त भावतो तो कर आणि बूथ यांचा 1978 चा प्रयोग. आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवरच्या निशाण्यावर छोट्या पिशव्या फेकायच्या होत्या. काही मुलांनी 12 आठवडे कायम तीन फुटांवरून फेकल्या. बाकीच्यांनी दोन आणि चार फुटांवरून फेकल्या, तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी सगळ्यांची परीक्षा तीन फुटांवरून घेतली, आणि अचूक ठरली ती दोन-चारवाली मुलं. अंतर बदलत राहिल्यामुळे त्यांना जोर आणि अंतर यांचं नातंच कळलं, असा याचा अर्थ लावला जातो. एवढ्या छोट्या मुलांना शिकवणाऱ्यांनी यातून एवढं नक्की घ्यावं: जागा बदला, चेंडू बदला, मैदानाचा आकार बदला. सारखं "पुन्हा तसंच कर" म्हणण्याची गरज नाही.

आता बोलण्याबद्दल. माझ्या मते आपल्याकडच्या प्रशिक्षणात सगळ्यांत मोठी सुधारणा इथेच होऊ शकते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

आपण फार बोलतो. मुलाने फटका मारला की लगेच "कोपर!", पुढच्यावर "डोकं!", त्याच्या पुढच्यावर "सरस, सरस, आता पाय!" प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळत गेली की मूल सूचनेवर टेकून चालायला शिकतं. गणिताच्या वहीशेजारी उत्तरं उघडी ठेवून सोडवायला बसवावं तसं हे आहे: सगळी गणितं बरोबर येतात आणि परीक्षेत एकही येत नाही. 1990 मध्ये कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी हाताच्या एका हालचालीवर हे तपासलं. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर. दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता परीक्षा घेतल्यावर निम्मी माहिती मिळालेला गट सरस ठरला. निकाल न कळलेल्या प्रयत्नांत त्यांना स्वतःच्या शरीराकडून माहिती घ्यावी लागली होती, आणि तीच सवय कामी आली.

प्रत्यक्षात हे असं करता येतं. मुलीने वळसा घेतला आणि ती घसरली. मी काही बोलायच्या आधी विचारते, "काय झालं गं?"

"ताई, पाय सटकला."

"का सटकला असेल?"

ती विचार करते. "खांब पकडायला उशीर झाला."

बऱ्याच वेळा उत्तर बरोबर असतं, आणि मग मला सांगायला काही उरत नाही. चुकीचं असेल तर ती कुठे बघत नाहीये हे मला कळतं. दोन्हीत फायदाच. सुरुवातीला मुलं "माहीत नाही" म्हणतात, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं. थोडं थांबावं लागतं. ते थांबणं शिकवणाऱ्याला जड जातं, पालक बघत असताना तर फारच, कारण गप्प उभा राहिलेला प्रशिक्षक काम करत नाही असं त्यांना वाटतं.

कमी बोलायचं म्हणजे पोकळ बोलायचं असं नव्हे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी 10 राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. 1974-75 च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला येऊन बसले आणि ते शिकवताना काय काय करतात याची नोंद करत गेले. 2,326 नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदींत काहीतरी ठोस माहिती होती: काय करायचं, कसं, केव्हा. निव्वळ कौतुक 7 टक्क्यांहून कमी, निव्वळ कानउघाडणीही जवळपास तेवढीच. चूक दाखवायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी बरोबर करून दाखवायचं, मग खेळाडूने जसं केलं तसं, मग पुन्हा बरोबर. हे सगळं तीन ते पाच सेकंदांत उरकायचं आणि खेळ पुढे चालू. "मन लावून खेळ", "जोर लाव", "काय करतोयस हे!" या वाक्यांत मुलाने उद्या वेगळं काय करायचं याचा पत्ता नसतो. ती सोडून देऊन जी वेळ वाचेल तिच्यात एक नेमकं वाक्य बसतं.

ते नेमकं वाक्य कसं असावं, यावरही बरंच काम झालं आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळासारख्या एका यंत्रावर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, पायाने जोर देण्याकडे लक्ष ठेवा. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर देण्याकडे लक्ष ठेवा. पाय आणि चाकं यांत अंतर असं किती? तरीही चाकांकडे लक्ष ठेवणारे चांगलं शिकले. पुढे गोल्फपासून उड्यांपर्यंत अनेक खेळांत हेच आढळलं. लक्ष स्वतःच्या अवयवावर गेलं की शरीराच्या सहज चालणाऱ्या कामात आपण ढवळाढवळ करतो. लक्ष हालचालीच्या परिणामावर ठेवलं की शरीर आपला मार्ग शोधतं.

म्हणून "कोपर वर ठेव" म्हणण्यापेक्षा "चेंडू मिड ऑफच्या डावीकडून जमिनीलगत जाऊ दे" हे बरं. मल्लखांबावर "मांड्या आवळ" पेक्षा "खांब दाबून धर". वळशाच्या वेळी "गुडघा वाकव, खांदा आत" पेक्षा "वळून थेट पहिल्या गड्याच्या पाठीशी पोहोच". जुन्या वस्तादांच्या तोंडी असल्या सूचना पुष्कळ असत, आणि त्या एका दमात संपत. नवे शिकवणारे शरीरशास्त्राचा अभ्यास करून येतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो अभ्यास स्वतःच्या नजरेसाठी वापरावा. पळणाऱ्या मुलाच्या कानात स्नायूंची नावं घालू नयेत.

डोळ्यांचंही शिक्षण असतं, आणि ते बहुतेक वेळा राहूनच जातं. 2000 मध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. "शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेव" असं आपण सगळेच सांगतो. पण फलंदाज तसं करत नव्हते. हातातून सुटलेला चेंडू ते क्षणभर बघत, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडेल तिथे आधीच जाऊन थांबे, आणि टप्प्यानंतर पुन्हा चेंडू पकडे. जितका चांगला फलंदाज, तितकी ही उडी लवकर. त्याही आधी, चेंडू सुटण्यापूर्वी, गोलंदाजाच्या धावण्यातून आणि मनगटातून पट्टीचे फलंदाज बरंच वाचून घेतात. यंत्रातून येणाऱ्या चेंडूला ना धाव असते ना मनगट. त्यामुळे यंत्रावर तासन्‌तास खेळलेल्या मुलाचे हात तयार होतात आणि नजर कच्ची राहते. यंत्र असावं, पण जिवंत गोलंदाजाच्या जागी नसावं. खो-खोतल्या संरक्षकालाही हेच लागू आहे. साखळीतून पळताना त्याला आक्रमकाचे खांदे आणि पावलं वाचता यायला हवीत, आणि ती रिकाम्या मैदानावर पळून वाचता येत नाहीत.

वेळेच्या वाटणीबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी काहींना रोज एक तास दिला, काहींना रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. 1978 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकूण तास मोजले तर रोज एक तासवाले कमी तासांत शिकले. पण सगळ्यांत नाखूशही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. आपल्या उन्हाळी शिबिरांची गोम यातच आहे. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास, पंधरा दिवस, शेवटी प्रमाणपत्र आणि झकास प्रात्यक्षिक. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मैदान रिकामं. तेच तास वर्षभर आठवड्यातल्या तीन संध्याकाळींत वाटले तर त्यांतलं बरंच जास्त उरेल. शिवाय दोन सरावांच्या मध्ये झोप येते, आणि झोपेचा वाटा छोटा नाही. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये बोटांच्या ठरावीक हालचाली शिकवून दाखवलं की रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, लोकांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला असतो. सामन्याच्या आदल्या रात्री दहापर्यंत मुलांना राबवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

चुकण्याची भीती हा या सगळ्याच्या मुळावर येणारा विषय आहे. मिसळलेल्या सरावात चुका जास्त होणारच. दर चुकीला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या तर मुलं शहाणी असतात, ती चुकण्याची शक्यता असलेली गोष्ट करणंच सोडतात. सूर मारायची संधी असते आणि मूल खो देऊन मोकळं होतं. शिस्तीला माझा विरोध नाही. वेळेवर या, तोंडाळपणा करू नका, यावर मी कडक असते. धाडसाला मात्र शिक्षा असू नये.

मग शिकवलेलं पोहोचतंय की नाही हे कळायचं कसं? बडोद्याला याची चांगली परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात 1907 ते 1910 या काळात राजरत्न माणिकरावांकडे तालीम घेतलेले स्वामी कुवलयानंद पुढे योगाकडे वळले, आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामांचे शरीरावरचे परिणाम उपकरणं लावून मोजू लागले. आपल्याला उपकरणांची गरज नाही, एक वही पुरे. सोमवारी सराव सुरू होताच, अंग गरम झालं की कोणतीही आठवण न देता, मागच्या आठवड्यात शिकवलेलं करायला सांगायचं आणि पहिल्याच प्रयत्नाची नोंद घ्यायची. जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. पहिलाच प्रयत्न, कारण तिसऱ्या प्रयत्नापर्यंत सगळ्यांनाच आठवतं. शुक्रवारच्या शेवटच्या दहा मिनिटांत कोण कसं दिसलं हे त्या वहीत लिहूच नये.

याहून मोठी परीक्षा वर्षातून एकदा आपोआप मिळते. नवरात्रात इथलं प्रत्येक मूल रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतं आणि संध्याकाळचा सराव जवळपास बंद पडतो. दसरा उलटल्यावर जी पहिली संध्याकाळ येते, तिला बरेच शिक्षक "आज नुसतं अंग मोकळं करा" म्हणून सोडून देतात. मी त्या दिवशी लगेच डाव लावते आणि बाजूला वही घेऊन बसते. ज्या मुलांचं जे नऊ दिवसांनी टिकलेलं दिसतं, ते पुढच्या दोन महिन्यांच्या आखणीतून कमी करते. जे निसटलेलं असतं, ते थोडं थोडं करून प्रत्येक संध्याकाळच्या खेळात पुन्हा पेरते. पालकांना दाखवायची असते तीही तीच वही, कारण व्हिडिओत न दिसणारी गोष्ट त्यांना तिच्यात दिसते.